राखेवरची पाहणी

स्टेशन आमच्या भागापासून अगदी जवळ आहे, असे स्टेशन पाहिलेला कोणीही सांगेल. मिलच्या चाळीच्या ओट्यावर उभे राहिले की सिग्नल दिसतो, सिग्नल पडलेला दिसतो, गाडी आलेली दिसते आणि पुष्कळदा गेलेलीही दिसते. मधे फक्त एक माळ. पण त्या माळावरून कोणी जात नसे. मिलमधली माणसे, बार्शीच्या पेठेत निघालेले व्यापारी, स्टेशनाबाहेरच्या सर्व्हिस मोटारीने वळसंगाकडे जाणारे शेतकरी, सगळे ओढ्याच्या कडेकडेने, रेल्वेच्या फाटकावरून, मोठा वळसा घालून जात. गाडी यायची वेळ झाली की फाटक बंद होई; आणि माणूस स्टेशनावर निघतो तो गाडी यायची वेळ झाली म्हणूनच. ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती, किंवा ज्यांच्या ध्यानात आली ते फाटकाच्या अलीकडे उभे होते.

माळावरून का जात नाही म्हणून विचारले तर लोक बाभळीचे काटे सांगत. काटे होते, हे खरे. सायकलवाल्याने माळात चाक घातले तर पुढचे चाक स्टेशनाच्या निम्म्यावर बसे आणि मागचे चाक त्याच्याबरोबर. मग सायकल खांद्यावर. परंतु काटे बार्शी रोडलाही होते आणि तिथे लोक जात होते.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात सरकीचे व्यापारी बसलिंगप्पा यांनी या गैरसोयीवर एक कमिटी काढली. पायी जाणारे आणि सायकलवाले यांची स्टेशनापर्यंत सोय करणारी कमिटी. स्वतः बसलिंगप्पांकडे मोटार होती, त्यामुळे ते अध्यक्ष झाले. शिवशरण याचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते, त्यामुळे तो चिटणीस झाला. मी हायस्कुलात भूमिती शिकवीत असे. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे कमिटीत कोणाला तरी ठाऊक असावे म्हणून मला घेतले. पहिल्याच बैठकीत मी ते सांगितले. त्यावर शिवशरण म्हणाला की सरळ रेषेवर मास्तर चालतात, गिऱ्हाईक चालत नाही. लोकांचे पाय जिकडून जातात तिकडूनच वाट काढली पाहिजे. बसलिंगप्पांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात परदेशी शहरांतल्या रहदारीच्या पाहणीबद्दल वाचले होते. त्यांना पाहणी हा शब्द आवडला. पाहणी करायची असे ठरले आणि चहा झाला.

चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, ती रंभाबाईची. रंभाबाई स्टेशनाच्या दारापाशी बुट्टी घेऊन बसे आणि उतारूंना भाकरी विकी. चाळीतलीच बाई. रोज बुट्टी डोक्यावर घेऊन ओढ्याचा वळसा घालून जाई आणि येईही तशीच. पन्नाशीच्या आसपासची असेल. कपाळावर मेणावर टेकवलेले रुपयाएवढे कुंकू. त्या कुंकवावरून चाळीत एक खटला गेली वीस-बावीस वर्षे चालू होता आणि त्याचा निकाल लागत नव्हता.

तिचा नवरा कोंडीबा. मिलमध्ये होता. शेवटच्या मोठ्या प्लेगच्या साली तो मोडनिंबला बहिणीकडे गेला आणि परतीच्या गाडीने सोलापूरला उतरला. उतरणाऱ्या प्रत्येकाची काख डॉक्टर तपासत असत. ज्याच्याबद्दल शंका येई त्याला बाजूला काढून माळाच्या मधोमध तारेच्या कुंपणात ज्या झोपड्या उभ्या केल्या होत्या तिकडे नेत. कोंडीबाला बाजूला काढलेले त्याच गाडीतल्या एकाने पाहिले. त्यानंतर काही नाही. साथ ओसरली तेव्हा झोपड्या जाळून टाकल्या. आत कोण होते, किती गेले, किती पळाले, याचा जबाब द्यायला कोणी उरले नव्हते. रंभाबाईने कुंकू ठेवले. पुसायचे तर मेल्याची खबर हवी, ती नव्हती. ठेवायचे तर माणूस हवा, तोही नव्हता. सवाष्णी तिला हळदीकुंकवाला बोलावीत नसत आणि विधवा तिला आपल्यात धरत नसत. लग्नाच्या मांडवात तिला कुठे बसवावे हे न कळल्यामुळे लोक तिला भाकऱ्या थापायला बसवीत. तिचा दीर हिंदुराव मिलमध्ये जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, होता. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक वर्षी पितृपक्ष आला की तो वहिनीकडे येऊन विचारी, की यंदा दादाला पान वाढू का नको. ती म्हणे, थांबा.

तर पाहणी. ती कशी करावी यावर बैठक झाली तेव्हा मी परीक्षेच्या कामावर बार्शीला होतो. परत आलो तोवर ठरूनही गेले होते आणि झालेही होते. मिलच्या बॉयलरची राख फुकट मिळत होती. शिवशरणने गाड्या लावून ती माळावर आणवली, मोलाने बायका लावल्या आणि ठसा नीट उमटावा म्हणून त्यांच्याकडून पिठाच्या चाळणीने ती चाळून घेतली. माळावर स्टेशनापासून चाळीपर्यंत आडवे पट्टे पसरले. दवंडी पिटली, की सर्वांनी नेहमीप्रमाणे चालावे, सकाळी पाय पाहिले जातील.

शिवशरण मला कौतुकाने सांगत होता, की बायका एरवी मजुरीवर किती कटकट करतात, या वेळी एक अक्षर बोलल्या नाहीत. राख चाळताना आपापसांतही बोलल्या नाहीत. फक्त काम संपल्यावर घरी जाण्याआधी आंघोळीला पाणी मागितले.

ते ऐकून माझ्या हातातला चहा निवला. आमच्याकडे माणूस गेला म्हणजे तो जिथे गेला तिथे दिवा लावतात, पीठ नाहीतर राख चाळून पसरतात, वर बुट्टी पालथी घालतात आणि दहाव्याला उचलून पाहतात. जी खूण उमटली असेल त्या जन्माला तो गेला. पक्ष्याचा पाय, गाईचा खूर, काय असेल ते. माझ्या वडिलांच्या वेळी मांजराचा पाय निघाला होता आणि पुढे वर्षभर आमच्या घरात मांजराला दूध मिळे. बसलिंगप्पा आणि शिवशरण दोघेही लिंगायत. त्यांच्यात हे नाही. गेलेला माणूस शिवाला मिळतो, त्याचा पुढचा पत्ता शोधावा लागत नाही. तेव्हा त्या दोघांनी ज्या माळावर इतकी माणसे गेली होती त्या माळावर, दिवस मावळायच्या सुमारास, चाळलेली राख पसरली होती आणि सर्वांनी यावे म्हणून दवंडी पिटली होती.

मी हे बसलिंगप्पांना सांगितले. ते म्हणाले, विषय पत्रिकेवर नाही.

सकाळी आम्ही तिघे माळावर गेलो. ऊन नुकते आले होते. चाळीकडच्या पट्ट्यांवर एकही पाऊल नव्हते. कुत्र्याचेही नव्हते. पाहणी फुकट गेली असे म्हणत आम्ही स्टेशनाकडे चालत गेलो, आणि तिकडचे पट्टे पाहून शिवशरणने चप्पल काढली. का काढली हे त्याला सांगता आले नाही.

स्टेशनाच्या आवारापासून पावले निघाली होती. अनवाणी. पुरुषांची, बायकांची, काही लहान. दाटीने, एकामागे एक, रांगेत चालावी तशी. काही टाचांशी खोल, डोक्यावर ओझे असल्यासारखी. प्रत्येक पट्ट्यावर तीच दाटी. सगळी स्टेशनाकडून येत होती आणि माळाच्या मधोमध, जिथे कुंपणाच्या खांबांची बुडखी अजून जमिनीत आहेत, तिथे ती एकमेकांत मिसळून संपत होती. पुढच्या पट्ट्यावर राख जशी पसरली तशी. परत गेलेले पाऊल एकही नाही.

शिवशरण म्हणाला, की आले आहेत म्हणजे गेलेही असतील, फक्त जाताना राखेवरून गेले नसतील. बसलिंगप्पांनी त्याला विचारले की मग कशावरून गेले. शिवशरणने आभाळाकडे पाहिले नाही, पण पाहणार होता.

कमिटीपुढे अडचण अशी होती, की पाहणीने जे दाखवले ते मानायचे हे आधीच ठरले होते. आणि पाहणीप्रमाणे वाट स्टेशनापासून माळाच्या मध्यापर्यंत काढून तिथेच संपवायला हवी होती. बसलिंगप्पांना हा कोणाचा तरी चावटपणा वाटला. त्यांनी पट्टे पुन्हा नीट करवले आणि मानसिंग नावाचा पलटणीतून आलेला पहारेकरी बसवला. मानसिंग मेसोपोटेमियात लढला होता आणि तेवढे सोडून दुसरे काही सांगत नसे.

दुसऱ्या सकाळी पावले तशीच होती. मानसिंग कुंपणाच्या बुडख्यांपाशी उभा होता. बसलिंगप्पांनी विचारले, कोण आले होते.

“कुणी आलं न्हाय,” मानसिंग म्हणाला.

मग तू बसला का नाहीस, खाट दिली होती की, असे शिवशरण म्हणाला.

“बसलो हुतो. पर मग उटून उभा ऱ्हायलो.” त्याने पटका सारखा केला. “बसून ऱ्हाणं बरं दिसंना.”

त्याने मजुरी घेतली आणि पुन्हा आला नाही.

त्याच सकाळी रंभाबाई माळावर आली. ती चाळीकडून आली, पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवरून, साडीचा सोगा उचलून धरून. डोक्यावर बुट्टी होती, रिकामी. मागे हिंदुराव, आणि त्याच्या मागे चाळीतल्या दोन-तीन बायका, अंतर ठेवून. तिने आम्हाला नमस्कार केला आणि बसलिंगप्पांकडे वळली.

“अप्पा, ही राख कुणाच्या नावानं पसरलीया?”

बसलिंगप्पा अध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, “कमिटीच्या.”

तिने मान हलवली. कमिटीचे नाव तिला पुरेसे वाटले नाही, पण ते तिने बोलून दाखवले नाही. मग तिने जे सांगितले ते थोडक्यात असे, की तिच्या माणसाच्या नावाने कधी कोणी राख पसरली नाही, कारण तो घरात गेला नाही आणि गेला की नाही हेच माहीत नाही. आता एवढी पसरलीच आहे, तर त्यातली एक बुट्टीभर जागा तिला त्याच्या नावाने द्यावी. त्याच्या उजव्या टाचेला कुरूप होते, ती टाच जमिनीला टेकत नसे, चवड्यावर चाले. पाऊल ओळखू येईल. उमटले तर गेला, नाही उमटले तर नाही. काय ते एकदा कळेल.

हिंदुराव म्हणाला, “वैनी, उमटलं तर मग…”

“मग पुसते,” ती म्हणाली. “तुमी बांगड्या फोडायला दगड घेऊन या.”

बायकांपैकी एक हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

मी रात्री उमटलेली पावले तिला दाखवू का म्हणून विचारले. तिने ती पाहिली. वाकून, सावकाश, एकेका पट्ट्याशी. तिथे तो नव्हता, किंवा गर्दीत ओळखू आला नाही. मग ती कुंपणाच्या बुडख्यांच्या अलीकडे, चाळीकडच्या अंगाला गेली, जिथे राख अगदी कोरी होती. तिने तिथे बुट्टी पालथी घातली, वर दगड ठेवला, शेजारी पणती लावली आणि कोंडीबाचे नाव घेतले. नवऱ्याचे नाव बायको असे सरळ घेत नाही. तिने घेतले, आणि आम्ही तिघेही दुसरीकडे पाहू लागलो.

दहावा कधीच उलटून गेला होता, म्हणून दहा दिवस कोणी थांबले नाही; दुसऱ्याच सकाळी चाळ निम्मी माळाच्या कडेला उभी होती. हिंदुरावने खरोखरच दगड आणला होता आणि तो पंच्यात गुंडाळून काखेत धरला होता. रंभाबाईने विझलेल्या पणतीतले तेल पाहिले, बुट्टीवरचा दगड काढला आणि बुट्टी उचलली.

आजूबाजूची सगळी राख जशीच्या तशी होती. बुट्टीच्या खाली एक पाऊल होते. एकच, उजवे. पाच बोटे, चवडा, आणि टाचेच्या जागी काही नाही. ना पक्ष्याचे, ना गाईचे. माणसाचेच, आणि चाळीकडे तोंड केलेले.

हिंदुराव खाली बसला. मी भूमितीचा माणूस. माझ्या मनात आले, की डावा पाय कुठे आहे. तो बुडख्यांच्या पलीकडे होता. तिथे दोन पट्ट्यांमधली मोकळी जमीन होती, राख नव्हती.

रंभाबाई पावलाजवळ बसून राहिली. तिने हात लावला नाही. मग म्हणाली, “अडलाय.”

शिवशरण तिला समजावीत म्हणाला, की तारा कधीच्या काढल्या, लोखंड विकलेसुद्धा.

“त्येला कोण सांगणार?” ती म्हणाली. “आणलं तेव्हा तार हुती. अल्याड वाट न्हाय, तर यील कसा?” मग तिने बसलिंगप्पांकडे पाहिले. “वाट करून द्या की अप्पा. कमिटी त्यासाटीच हाय न्हवं?”

कमिटी त्याचसाठी होती, हे नाकारता येण्यासारखे नव्हते. पायी जाणारांची सोय हे शब्द बसलिंगप्पांनी स्वतः घातले होते आणि कोणत्या पायी जाणारांची हे त्यात लिहिलेले नव्हते.

मागे एका बाईने हळूच विचारले, की मग कुंकवाचे काय. पाऊल तर उमटले. हिंदुरावने दगड पंच्यातून काढला होता, तो पुन्हा गुंडाळला, पुन्हा काढला.

“अजून घरी आला न्हाय,” रंभाबाई म्हणाली. “घरी यिऊ द्या. मग काय ते बगू.”

वाट झाली. ती सरळ रेषेत झाली हे मी नम्रपणे नमूद करतो. बाभळी तोडल्या, मुरूम टाकून धुमसाने ठोकला, चाळीजवळ ओढ्यावर फरशी घातली, दोन सायकली शेजारून जातील एवढी रुंदी ठेवली. कुंपणाची बुडखी उपटून काढली. त्या दिवशी मजुरांनी पुन्हा आंघोळीला पाणी मागितले. दिवाळीआधी उद्घाटन झाले. बसलिंगप्पांनी फीत कापली आणि शिवशरणच्या दुकानातल्या सायकलवर बसून, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेले असताना, थोडे अंतर गेले. भाषणात ते म्हणाले, की आता स्टेशनावरून माणूस थेट आपल्या दारात येईल. टाळ्या वाजल्या नाहीत.

त्या दिवशी वाटेवरून कोणी गेले नाही. संध्याकाळी कोणी न सांगता, उरलेली राख चाळीतल्या बायकांनीच चाळली. वाटेवर नाही. आपापल्या उंबऱ्यात.

सकाळी मी चाळीत गेलो. रोज पहाटे सडा घालायला बायकांची धावपळ असते. त्या दिवशी कोणीही सडा घातला नव्हता. गल्लीत चालताना लोक भिंतीला धरून चालत होते. काही उंबऱ्यांवर काही नव्हते, त्या घरच्या बायका दारात उभ्या राहून शेजारच्या उंबऱ्याकडे पाहत होत्या. ज्यांच्या उंबऱ्यावर होते ती दारे लोटलेली होती आणि आतून ताटे मांडल्याचा आवाज येत होता. एका घरापुढे लहान पावले होती. त्या घरातले आता कोणी त्या पोराला ओळखणारे उरले नव्हते, भाडेकरू नवे होते. तरी त्यांनी दूध ठेवले होते.

रंभाबाईच्या दारापुढे हिंदुराव आणि त्या बायका उभ्या होत्या. दगड होता. उंबऱ्यातल्या राखेवर पावले होती, डावे पूर्ण, उजवे चवड्याचे, आत गेलेली. मी सवयीने बाहेर आलेली शोधली. ती नव्हती.

दार उघडून रंभाबाई बाहेर आली. आंघोळ झालेली, लुगडे धुतलेले. कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठे होते. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. हिंदुराव म्हणाला, “वैनी, पाय तर उमटल्याती. दादा गेला म्हनायचं. बोलली हुतीस तू.”

“बोलली हुते,” ती म्हणाली. “पर गेला कुटं? आलाय की.” मग आवाज खाली आणून, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, “लई चालून आलाय. आता त्येच्यासमोर पुसू व्हय?”

हिंदुरावने दगड ओढ्यात टाकून दिला. पुढे त्याने पितृपक्षात कधी विचारले नाही. संक्रांतीला चाळीतल्या बायकांनी रंभाबाईला हळदीकुंकवाला बोलावले, आणि ज्यांना तिच्यापाशी बसायचे होते त्या थोडे अंतर ठेवून बसल्या, पण बसल्या.

वाटेचे म्हणाल तर सायकलवाले अजून फाटकावरूनच जातात. फाटक बंद असते, ते उभे राहतात, गाडी गेलेली पाहतात आणि कमिटीला नावे ठेवतात. शिवशरणने भाड्याच्या सायकली निम्म्या विकल्या. नवलाची गोष्ट अशी, की ज्या वाटेने कोणी जात नाही तिचा मुरूम दरवर्षी झिजतो. बसलिंगप्पा कमिटीतर्फे तो टाकवून घेतात आणि विचारत काही नाहीत.

रंभाबाई मात्र रोज त्या वाटेने स्टेशनावर जाते. मी शाळेला निघताना माझ्या ओट्यावरून दिसते. डोक्यावर बुट्टी असते. हल्ली ती सगळ्या भाकऱ्या विकत नाही, दोन फडक्यात बांधून परत आणते. वाट दोन सायकलींएवढी रुंद आणि पूर्ण रिकामी असूनही ती मधून चालत नाही. डाव्या कडेने चालते, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. आणि थोडे गेले की थांबते, मागे न पाहता उभी राहते. त्याची टाच टेकत नाही, त्याला वेळ लागतो.